पोवळ्याचं खानदान

अनामिकेत चमकणारं ते लालचुटूक पोवळं दगड नाही, कुणाचा तरी सांगाडा आहे! आणि त्या ‘कुणाच्या’ सख्ख्या-चुलत नातेवाईकांचा पत्ता आहे थेट समुद्राचा तळ. मिट्ट काळोख, फ्रिजसारखी थंडी आणि काहींचं वय चार हजारांच्या पुढे. चला, जरा खाली उतरू या...

परवा लंच अवरला आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण डबा न उघडता नुसतीच बसली होती. चेहरा असा, की सगळ्यांना वाटलं अप्रेझलचं लेटर हातात पडलं. पण मामला वेगळाच निघाला. वय २९, पगार मस्त, वन बीएचकेचा ईएमआय स्वतः भरणारी ही मुलगी. आणि घरी आईने हिची पत्रिका कुणाला तरी दाखवली. निदान मंगळ, औषध पोवळं! वजन सात रत्ती, उजव्या हाताची अनामिका, मंगळवारी सकाळी आंघोळ करून घालायचं. सहा महिन्यांत लग्न ठरणार म्हणजे ठरणार.

‘आईचं मन मोडवत नाही गं,’ ती म्हणाली. ‘म्हणून सराफाकडे गेले, तर त्याने तीन ट्रे काढले. एक इटालियन, एक जपानी, एक स्वस्तातलं. भाव ऐकून मलाच मंगळ लागला. मुळात हा दगड निघतो कुठल्या खाणीतून?’

टेबलावर आम्ही सहा जण. तीन इंजिनीअर, दोन एमबीए आणि एक मी. ‘खाण’ या शब्दाला कुणीही ऑब्जेक्शन घेतलं नाही! मला इतकंच अंधूक आठवत होतं की पोवळं समुद्रातून येतं, मोत्याचं कुणीतरी लागतं. म्हटलं, वीकेण्ड रिकामाच आहे, बघून सांगते. बघता बघता रविवारची रात्र झाली आणि मी हवाई बेटांजवळ पाण्याखाली चारशे मीटरवर पोचले होते. लॅपटॉपवर हो, घाबरू नका.

दगड नव्हे, बिऱ्हाड!

तर पहिली गोष्ट : पोवळं मोत्याचं कुणीही लागत नाही. मोती शिंपल्यात तयार होतो. पोवळं हे कोरलचं, म्हणजे प्रवाळाचं अंग. सराफ ज्याला इटालियन म्हणतो ते कोरॅलियम रुब्रम. मुक्काम प्रामुख्याने भूमध्य समुद्र. पाण्यात ते एखाद्या छोट्या निष्पर्ण झाडासारखं दिसतं, लाल फांद्यांचं. त्या फांद्यांवर पांढऱ्या फुलांसारखे जे दिसतात ते खरे रहिवासी, म्हणजे पॉलिप. प्रत्येकाला बरोबर आठ हात आणि प्रत्येक हात पिसासारखा. वाहत्या पाण्यातून येईल तो बारीकसारीक जीव पकडायचा आणि खायचा, एवढाच उद्योग. हे सगळे मिळून कॅल्शियमचा एक टणक लाल कणा तयार करतात. त्यांची चाळच म्हणा ना! आपण चाळकऱ्यांना काढतो, चाळ घासतो, पॉलिश करतो आणि सोन्यात बसवतो.

दुसरी गोष्ट वाचून मात्र मी खुर्चीत सरळ बसले. हा कणा जाड किती वेगाने होतो? वर्षाला साधारण पाव मिलिमीटर. म्हणजे अंगठीत शोभेल असा सात मिलिमीटरचा मणी काढायचा, तर फांदी निदान पंचवीस-तीस वर्षांची हवी. आमच्या मैत्रिणीएवढी! गंमत म्हणजे भूमध्य समुद्रातला नियमही नेमका हाच आकडा धरतो. २०१२ पासून बुंध्याशी सात मिलिमीटरपेक्षा बारीक असलेलं लाल कोरल तोडायला तिथे बंदी आहे. पन्नास मीटरपेक्षा उथळ पाण्यातलं तर २०११ पासूनच काढायचं नाही. आधी लाकडाचा मोठा क्रॉस, त्याला जाळी लटकवलेली, बोटीमागून तळावर फरफटत नेला की येईल ते घेऊन वर, असा खाक्या होता. युरोपने तो १९९४ मध्ये बंद केला. आता पाणबुड्याने खाली जायचं आणि हातोडीने एकेक फांदी तोडायची.

या पोवळ्याची आणि आपली ओळख काही आजची नाही. सतराव्या-अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी ही पोवळी लिस्बनमार्गे गोव्याला पाठवायचे आणि गोव्यातले हिंदू व्यापारी बदल्यात हिरे धाडायचे. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं, नुसत्या पत्रांच्या भरवशावर! आजीच्या पोवळ्यांच्या माळेला एवढा इण्टरनॅशनल इतिहास असेल असं कधी वाटलं होतं?

उन्हातली गल्ली, काळोखातली गल्ली

कोरल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? मालदीव. हनिमून पॅकेज. निळंशार पाणी, स्नॉर्केल, रंगीबेरंगी मासे. ही झाली उन्हातली गल्ली. तिथल्या कोरलच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतं, ते उन्हावर साखर बनवतं आणि घरमालकाला भाडं म्हणून देतं. त्यामुळे ऊन पोचेल तिथपर्यंतच त्यांची वस्ती. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखली जाणारी अँग्रिया बँक आहे, ती या गल्लीतली. तिचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. मुंबईत हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरची कोरल्स २०२० मध्ये कोस्टल रोडसाठी उचलून दुसरीकडे नेली, तीही यातलीच.

पण ही कोरल-जगाची फक्त पुढची खोली आहे. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतले स्टीफन केर्न्स यांनी २००७ मध्ये मोजदाद मांडली. तेव्हा माहीत असलेल्या सुमारे पाच हजार कोरल जातींपैकी ६५ टक्के पन्नास मीटरच्या खाली राहतात. म्हणजे मेजॉरिटी खाली आहे, बॉस! तिथे ऊन नाही, म्हणून अंगात शेवाळं नाही, म्हणून फुकटचं भाडंही नाही. वरून जे काही झिरपत, गळत, मरत खाली येतं त्यावर आणि प्रवाहात वाहत येणाऱ्या चिमुकल्या जीवांवर गुजराण. आपलं लाल पोवळंही याच वळणाचं. त्याच्याही अंगात शेवाळं नाही. त्यामुळे ते उथळ गुहांच्या अंधारात सापडतं आणि हजार मीटर खोलही.

ही काळोखातली गल्ली माणसाला कळली तीही एका वायरमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एडवर्ड फोर्ब्ज नावाच्या नामांकित निसर्ग-अभ्यासकाचं म्हणणं होतं की साधारण साडेपाचशे मीटरच्या खाली जीवसृष्टीच नसावी. पटण्यासारखं होतं, तिथे खाणार काय आणि जगणार कसं? मग १८६० मध्ये सार्डिनिया आणि अल्जीरियाच्या दरम्यान टाकलेली टेलिग्राफ केबल तुटली. दुरुस्तीसाठी ती वर ओढली, तर दोन हजार मीटरच्या आसपास पडून असलेल्या तुकड्यावर कोरल चिकटलेलं! ओढताना अडकलेलं नव्हे, केबलवरच मूळ धरून वाढलेलं. फोर्ब्जसाहेब तोवर वारले होते. नाहीतर बिचाऱ्यांना तो तुकडा हातात घ्यावा लागला असता.

चुलते, मावश्या आणि जुहूवाले

आता खानदानाची ओळख. सगळ्यांचं मूळ गोत्र एक. जेलीफिश आणि समुद्रफुलं म्हणजे सी अॅनिमोनही त्याच गोत्रातले. पण पुढे शाखा इतक्या फुटल्या आहेत की लग्नाच्या पंगतीत एकमेकांना ओळखणार नाहीत.

एक शाखा आठ हातांची, आपल्या पोवळ्याची. यात बबलगम कोरल आहे. गुलाबी, फांद्यांच्या टोकाला च्युइंगगमचे गोळे चिकटवल्यासारखं, आणि माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकं उंच होणारं. बांबू कोरल आहे. पांढरी कांडी, मध्ये काळपट पेर, पुन्हा पांढरी कांडी, हुबेहूब बांबू. यातल्या काही जातींना काळोखात धक्का लागला तर निळसर उजेड सोडतात. (आणि हो, सराफाच्या तिसऱ्या ट्रेमधलं स्वस्त पोवळं म्हणजे बहुतेकदा हेच बांबू कोरल, लाल रंगात बुडवलेलं. त्याच्याकडे पुन्हा येऊ.) शिवाय समुद्रलेखण्या, म्हणजे सी पेन. बाकीच्या नातेवाईकांना बसायला खडक लागतो, या मात्र देठाचं टोक फुगवून सरळ चिखलात रोवून उभ्या राहतात. खोल समुद्राचा बहुतांश तळ चिखलच असल्यामुळे यांची चंगळ आहे, सहा हजार मीटरच्याही खाली सापडल्यात.

दुसरी शाखा सहा किंवा सहाच्या पटीतल्या हातांची. दगडी कोरल्स यातली. वरच्या गल्लीतले बडे बिल्डर हेच आणि खालचेही. खालचा सगळ्यात प्रसिद्ध बिल्डर म्हणजे लोफेलिया पर्टुसा. लिनियसने १७५८ मध्येच हिची नोंद केली होती. २०१६ मध्ये डीएनए तपासून शास्त्रज्ञांनी हिचं नाव डेस्मोफायलम पर्टुसम करून टाकलं. पण जुन्या लोकांच्या तोंडी अजून लोफेलियाच, जसं आपल्याकडे सीएसएमटी म्हणायला कितीही शिकवलं तरी काका लोक व्हीटीच म्हणतात. काळं कोरलही याच शाखेतलं. नाव काळं, कारण आतला कणा काळा. पाण्यात जिवंत असताना मात्र ते नारिंगी, पांढरं, पिवळसर असं काहीही असू शकतं.

आणि तिसरी पाती म्हणजे लेस कोरल. दिसायला नाजूक जाळीदार, कोरलहून कोरल. पण खरं नातं वेगळंच. पावसाळ्यात जुहू चौपाटीवर निळे फुगे वाहून येतात, पाय लागला की बोंब मारायला लावणारे, ते ब्लू बॉटल आठवतात? लेस कोरल त्यांच्या घरातलं. दगडी कोरलपेक्षा जुहूवाल्यांना जास्त जवळचं. चेहऱ्यावर जाऊ नका म्हणतात ते हेच.

लोकेशन, लोकेशन, लोकेशन

फ्लॅट बघताना आपण काय बघतो? स्टेशन, पाणी, मार्केट. खोलातल्या कोरलचंही तेच. पाया टणक हवा. पाणी थंड हवं, लोफेलियाला साधारण चार ते बारा अंश मानवतं. आणि प्रवाह जोरात हवा, कारण डबा प्रवाहच आणून देतो. त्यामुळे ही मंडळी समुद्रात बुडालेल्या डोंगरांच्या माथ्यावर, खंडांच्या उतारावर, घळींच्या कडेला अशी गर्दी करतात, जिथे पाणी वळतं आणि वेग घेतं.

नॉर्वे हे त्यांचं आवडतं गाव. तिथल्या लोफोतेन बेटांजवळ २००२ मध्ये रॉस्ट रीफ सापडली. तीनशे ते चारशे मीटर खोल, लांबी सुमारे ३५ ते ४० किलोमीटर, काही ठिकाणी तीन किलोमीटर रुंद. चर्चगेटपासून निघालात तर बोरिवली मागे पडेल, तरी कोरल संपणार नाही. त्याच नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या फियॉर्डमध्ये लोफेलिया अवघ्या ३९ मीटरवर येऊन बसलीय. तिथलं पाणीच थंड आणि काळोखं, मग कशाला खाली जायचं?

पण रेकॉर्ड आता अटलाण्टिकच्या दुसऱ्या काठावर गेलंय. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यासमोर ब्लेक पठार आहे. तिथल्या सोनार नोंदी वर्षानुवर्षं जोडत जाऊन शास्त्रज्ञांनी जानेवारी २०२४ मध्ये नकाशा जाहीर केला. सुमारे पाचशे किलोमीटर लांब, एकशेदहा किलोमीटर रुंद पट्टा, आणि त्यात कोरलची ८३,९०८ टेकाडं. मोजली आहेत हं, अंदाज नाही! मुंबई ते पणजी सरळ रेष मारली तरी यापेक्षा छोटी. सरासरी तापमान चार अंश. आणि हे सगळं फ्लोरिडाच्या त्या फेमस बीचेससमोर, जिथे लाखो माणसं ऊन खात पडलेली असतात.

पॅसिफिकच्या उत्तरेला गेलात तर मात्र असे दगडी रीफ जवळपास दिसत नाहीत. तिथे बहर आठ हातांच्या मंडळींचा आणि लेस कोरलचा. अलास्काच्या अल्यूशियन बेटांजवळ त्यांच्या अक्षरशः बागा आहेत. हा फरक का? कारण केमिस्ट्री. चहात ग्लुकोज बिस्कीट बुडवलं की एका क्षणी ते तुटून पडतं, तसं समुद्रातही एक खोली असते. तिच्या खाली दगडी कोरलच्या सांगाड्याचा चुना पाण्यात विरघळू लागतो. उत्तर अटलाण्टिकमध्ये ही रेघ दोन हजार मीटरच्याही खाली आहे. उत्तर पॅसिफिकमधलं पाणी जुनं, त्यात कार्बन डायऑक्साइड साठलेला. तिथे रेघ काही भागांत शंभर-दोनशे मीटरवरच येते. आपण हवेत सोडलेल्या धुराचा मोठा वाटा समुद्र पितो आणि सगळीकडेच ही रेघ वर सरकते आहे. खालच्या बिल्डरांचे तळमजले आधी धोक्यात.

आणि आपला अरबी समुद्र? इथे वेगळाच प्रॉब्लेम आहे. साधारण दीडशे मीटरपासून हजारेक मीटरपर्यंतच्या पाण्यात ऑक्सिजन भयंकर कमी. दारं बंद झालेल्या एसी लोकलमध्ये एसीच बंद पडावा, तशी अवस्था. नेमकी जी खोली लोफेलियासारख्यांना हवी, तिथेच गुदमर. तरीही आपल्या समुद्रांत खोलातली कोरल्स आहेत आणि त्यांचा शोध घेणारी बोट मुंबईच्या गोदीत बांधलेली होती! ‘इन्व्हेस्टिगेटर’ नावाची ही सर्वेक्षण बोट १८८१ ची. तिच्यावर आल्फ्रेड अल्कॉक नावाचा डॉक्टर होता, पेशंट कमी आणि मासे जास्त बघणारा. या बोटीने खोल पाण्यातून काढलेल्या दगडी कोरल्सवर त्याने १८९८ मध्ये कलकत्त्याहून अख्खं पुस्तक काढलं. जाळं सोडायचं, येईल ते बघायचं, अशी तेव्हाची पद्धत. आता आपण स्वतः खाली उतरायच्या तयारीत आहोत. भारताच्या समुद्रयान योजनेतली ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी तीन माणसांना सहा हजार मीटरवर नेण्यासाठी बनते आहे. त्याच तयारीचा भाग म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये दोन भारतीय एका फ्रेंच पाणबुडीतून अटलाण्टिकमध्ये खाली जाऊन आले, एक चार हजार आणि दुसरे पाच हजार मीटरच्या पलीकडे.

हॅपी बर्थडे, ४,२६५!

हवाईचं राहिलंच. तिथे चार-पाचशे मीटर खोलीवरून काढलेल्या काळ्या कोरलचं वय रेडिओकार्बन पद्धतीने मोजलं, निष्कर्ष २००९ मध्ये छापून आले. काळ्या कोरलच्या एका झाडाचं वय भरलं ४,२६५ वर्षं. शेजारच्या सोनेरी कोरलचं २,७४२. म्हणजे ते काळं कोरल पहिल्यांदा खडकाला चिकटलं तेव्हा मोहेंजोदडोच्या गल्ल्यांतून बैलगाड्या चालत होत्या. वाढीचा वेग वर्षाला काही मायक्रॉन. आपला केस जेवढा जाड, तेवढं वाढायला याला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात. आणि तरीही आतून ताजं! ते खातं ते वरून नुकतंच गळून आलेलं अन्न, हेही त्याच कार्बनने दाखवून दिलं.

आता विचार करा, अशा गल्लीत बुलडोझर शिरला तर? शिरलाय. त्याला ट्रॉलिंग म्हणतात. वजनदार जाळं तळावरून ओढत न्यायचं, मासे जाळ्यात आणि बाकी सगळ्याचा चुरा. नॉर्वेत याची पहिली बोंब मारली ती शास्त्रज्ञांनी नाही, तिथल्या साध्या गळवाल्या मच्छीमारांनी. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं, कोरल असतं तिथे मासा असतो. ट्रॉलर येऊन गेले की मासा गायब व्हायचा आणि गळाला कोरलचे तुकडे लागायचे. मग तज्ज्ञांनी कॅमेरे खाली सोडले. अंदाज निघाला की नॉर्वेतल्या ३० ते ५० टक्के कोरल रीफ्सना इजा पोचलीय. १९९९ मध्ये सरकारने सुला रीफवर ट्रॉलिंग बंद केलं. रॉस्ट रीफचं नशीब जोरावर, ती सापडली त्याच्या पुढच्याच वर्षी तिला संरक्षण मिळालं. स्कॉटलंडच्या वायव्येला हजार मीटर खोल डार्विन माउण्ड्स सापडली १९९८ मध्ये. २००३ मध्ये तिथे ट्रॉलिंगबंदी आली, तोवर जाळ्यांचे ओरखडे उठलेले होतेच.

माणसाची आणि लोफेलियाची एक गाठभेट मात्र धमाल आहे. १९९५ मध्ये शेल कंपनी ब्रेण्ट स्पार नावाची तेल साठवायची अवाढव्य तरंगती टाकी अटलाण्टिकमध्ये बुडवायला निघाली. ग्रीनपीसने रान उठवलं, जर्मनीत लोकांनी शेलच्या पंपांवर पेट्रोल भरणं सोडलं, कंपनीने माघार घेतली. आणि १९९९ मध्ये कळलं की त्या टाकीच्या अंगावर लोफेलिया मजेत वाढत होती! उत्तर समुद्रातल्या तेलाच्या इतर प्लॅटफॉर्म्सवरही ती नंतर सापडली. तिला पाया टणक लागतो, तो कुणाचा आहे याच्याशी देणंघेणं नाही. पण लगेच तेल कंपन्यांना हार घालायला नको. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनची तेलविहीर फुटली आणि तिथून ११ किलोमीटरवर, सुमारे १,३७० मीटर खोल, आठ हातांची कोरल्स तपकिरी गाळाने माखून मरायला टेकलेली मिळाली.

आणि सराफाचा दुसरा ट्रे, जपानी पोवळ्यांचा? त्याची कथा पॅसिफिकमधल्या एम्परर नावाच्या बुडालेल्या डोंगररांगेची. १९६५ मध्ये जपानी बोटींना तिथे सुमारे चारशे मीटरवर मौल्यवान कोरलची मोठी वस्ती सापडली. मग दगडाला बांधलेली जाळी तळावर फरफटवत पुढची वीसेक वर्षं नुसती लूट. पुढे माल मिळेना आणि धंदा ओसरला. हे कोरल आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण-यादीत टाकायचे प्रस्ताव २००७ आणि २०१० मध्ये आले, दोन्ही वेळा पडले. चीनने २००८ मध्ये आपल्याकडच्या चार जाती त्यातल्या त्यात सौम्य यादीत टाकल्या, एवढंच. आणि २०१४ च्या शरदात जपानच्या ओगासावारा बेटांभोवती लाल कोरल चोरायला दोनशेच्या वर चिनी बोटी गोळा झाल्या होत्या!

तरी त्या डोंगररांगेतली एक बातमी मला फार आवडली. जिथे ट्रॉलिंग थांबून तीस-चाळीस वर्षं झाली होती, अशा काही माथ्यांवर शास्त्रज्ञांनी कॅमेरे नेले. २०१९ मध्ये त्यांनी लिहिलं : चुरा आहे, ओरखडे आहेत, तुटकी जाळी पडलीत, पण मोडलेल्या तुकड्यांतून काही कोरल्स पुन्हा उगवताहेत आणि नवी पिल्लंही बसताहेत. माझ्या अख्ख्या आयुष्याएवढा वेळ लागला, पण उगवली.

सोमवारी लंच अवरला हे सगळं मी मैत्रिणीला सांगितलं. ती ऐकत होती, पण डोक्यात सात रत्तीच. ‘म्हणजे घेऊ नको म्हणतेस?’ मी म्हटलं, मी काहीच म्हणत नाहीये, मंगळाचं काय ते तुमचं तुम्ही बघा. पण टेस्टिंगवाली ती टेस्टिंगवालीच. स्वस्त ट्रेमधला एक मणी तिने सॅम्पल म्हणून आणला होता. नेलपॉलिश रिमूव्हरच्या बोळ्याने घासला, बोळा गुलाबी! रंगवलेलं निघालं. इटालियनचा भाव तिच्या दोन ईएमआयएवढा आणि जपानीची कहाणी तर मीच सांगून बसले होते.

शेवटी उपाय निघाला तिच्या आजीच्या कपाटातून. आजी वारल्यापासून लाल पुरचुंडीत पडून असलेली पोवळ्यांची तुटकी माळ. मायलेकी तीच घेऊन सराफाकडे गेल्या. त्याने भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, जुना माल आहे बाई, असा आता येत नाही. त्यातला सर्वात मोठा मणी निवडला, वजन भरलं साडेपाच रत्ती. दीड रत्ती कमी! मावशींनी तिथूनच गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, घरातलं आहे ना, चालेल.

मण्याच्या एका अंगाला टाचणीच्या टोकाएवढी दोन भोकं आहेत. सराफ म्हणाला, लाख भरून देतो, दिसणार नाही. मी तिला सांगितलं होतं की समुद्रातले काही स्पंज कोरलला अशी भोकं पाडतात, जिवंत असतानाच. तिने भरू दिली नाहीत. आता मीटिंगमध्ये बोअर झाली की ती अंगठी फिरवत बसते आणि शेजारच्याला ती भोकं दाखवते. स्थळं बघणं चालू आहे.